फास्टपास गेला, लाइटनिंग लेन आली: डिस्ने वर्ल्डच्या लाइनीबद्दल सगळे विचारतात ते प्रश्न

आम्ही अटलांटाला राहतो. इथून ऑरलँडो गाडीने साडेसहा-सात तास, त्यामुळे भारतातनं कुणीही आलं की डिस्ने वर्ल्डची ट्रिप ठरलेलीच असते, आणि ट्रिप ठरली की फोनवर प्रश्न सुरू. त्यातला राइडच्या बुकिंगचा विषय असा आहे की ज्याला विचाराल तो वेगळं सांगतो. एक म्हणतो पैसे भरलेच पाहिजेत नाहीतर दिवस वाया, दुसरा म्हणतो आम्ही एक डॉलर जास्त न भरता सगळं बघितलं, तिसरा म्हणतो पूर्वी हे सगळं फुकट होतं. तिघांचंही खोटं नाही, तिघं वेगवेगळ्या वर्षी वेगवेगळ्या लाइनीत उभे होते एवढंच. म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतेय.

फास्टपास, जिनी प्लस, लाइटनिंग लेन, ही सगळी एकाच गोष्टीची नावं आहेत का?

नाही, पण मूळ कल्पना एकच. राइडला दोन दारं, एक साध्या लाइनीचं ज्याला तिथे स्टँडबाय म्हणतात आणि एक वेळ घेऊन येणाऱ्यांचं. १९९९ ला फास्टपास सुरू झाला तेव्हा राइडजवळच्या मशीनमध्ये तिकीट घालायचं आणि कागदाची चिठ्ठी यायची, त्यावर परत यायची वेळ. पूर्ण फुकट. मग २०१३-१४ मध्ये फास्टपास प्लस आला, हातात रबरी मॅजिकबँड, ॲपवर आधीच तीन राइड बुक करायच्या, तेही फुकट. मार्च २०२० ला कोविडमुळे पार्क बंद झाले, जुलैत उघडले तेव्हा फास्टपास नव्हता आणि तो परत आलाच नाही. १९ ऑक्टोबर २०२१ ला जिनी प्लस आलं, माणशी दिवसाला १५ डॉलर अधिक टॅक्स. आणि २४ जुलै २०२४ पासून त्याचंच नाव लाइटनिंग लेन मल्टी पास झालं, नियमही बदलले. सगळ्यात जास्त डिमांडच्या एक-दोन राइडचं तिकीट वेगळं घ्यावं लागतं, तो सिंगल पास.

फुकट होतं तेव्हा तरी सगळे खूश होते ना?

अजिबात नाही, आणि हे नवीन लोकांना पटतच नाही.

कागदी चिठ्ठीच्या काळात ज्यांना पार्क पाठ होतं ते फॉर्मात असायचे. घरातला एक जण सगळ्यांची तिकिटं घेऊन सकाळी गेट उघडलं की मशीनकडे पळायचा आणि बाकीचे तोवर दुसऱ्या राइडला. शिवाय चिठ्ठीवरची वेळ उलटून गेली तरी आत सोडायचे, हे माहीत असलेले लोक दुपारपर्यंत चिठ्ठ्या जमवून संध्याकाळी एकामागे एक राइड करायचे. मार्च २०१२ पासून वेळ काटेकोर पाळायला लागले तेव्हा हेच लोक नाराज झाले. आणि पहिल्यांदाच आलेलं कुटुंब? त्यांना बिचाऱ्यांना मशीन कशाचं आहे हेच दुपारी कळायचं आणि तोपर्यंत मोठ्या राइडच्या चिठ्ठ्या संपलेल्या.

फास्टपास प्लस आल्यावर पळापळ गेली पण डिस्नेच्याच हॉटेलात राहणाऱ्यांना ६० दिवस आधी बुकिंग उघडायचं आणि बाहेर राहणाऱ्यांना ३० दिवस आधी. म्हणजे दोन महिन्यांनी मंगळवारी सकाळी सव्वादहाला तुम्ही कुठल्या राइडवर असणार हे आज ठरवायचं. माझ्या ओळखीच्या काही जणींना हे फार आवडायचं, बुकिंग हातात असलं की डोकं शांत. आणि काही जण म्हणायचे सुट्टीला चाललोय की परीक्षेला? या सिस्टिमवर आणि मॅजिकबँडवर मिळून साधारण १ अब्ज डॉलर खर्च झाल्याच्या बातम्या तेव्हा होत्या, तरी भांडण मिटलं नाही कारण ते मशीनचं नव्हतंच. कुणाला आधी ठरवायला आवडतं आणि कुणाला ऐन वेळी, हा स्वभावाचा फरक आहे.

मग २०२१ मध्ये लोक एवढे भडकले ते फक्त पैशासाठी?

पैसा हे पहिलं कारण आहेच, वीस-बावीस वर्षं फुकट मिळालेल्या गोष्टीला किंमत लागली की कुणालाही लागतंच ते. पण जे पैसे द्यायला तयार होते तेही वैतागले होते आणि त्यांचं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. जिनी प्लसमध्ये सकाळी ७ वाजता एकच राइड बुक व्हायची. ती स्कॅन केली किंवा दोन तास झाले की पुढची. म्हणजे दिवसभर फोन हातात, पोरगं बोट धरून काहीतरी दाखवतंय आणि आई स्क्रीन रिफ्रेश करतेय. सुट्टीत सात वाजता झोपेतनं उठून फोन घ्यायचा हे बऱ्याच जणांच्या जिवावर यायचं. त्यात ऑक्टोबर २०२२ पासून रोजचा भाव वेगळा झाला, गर्दी जास्त तर भाव जास्त.

उलट बाजूचे लोकही होते आणि त्यांचंही ऐकायला हवं. ज्यांची ट्रिप आयत्या वेळी ठरते, जे दहा वर्षांतून एकदा येतात, ते म्हणायचे की ६० दिवस आधी जागं राहणाऱ्यांनी सगळं अडवून ठेवण्यापेक्षा हे बरं, त्याच दिवशी ठरवा, पैसे भरा, वेळ घ्या.

२०२४ च्या बदलाने काय सुधारलं?

तीन राइड आधीच घरबसल्या बुक करता येतात हे सगळ्यात मोठं. पार्कात गेल्यावर त्यातली एक स्कॅन झाली की पुढची घ्यायची. सकाळच्या सातच्या धावपळीचा ताण बराच कमी झाला. डिस्ने वर्ल्डच्या चार पार्कांपैकी मॅजिक किंगडम, एपकॉट आणि हॉलीवूड स्टुडिओजमध्ये राइडचे दोन गट केलेत, पहिल्या गटातली एकच आणि दुसऱ्यातल्या दोन घेता येतात, ॲनिमल किंगडमला असे गट नाहीत. यावर लोकांची कुरकुर आहे की चांगल्यातली एकच मिळते, पण गट नसते तर पहिल्या काही मिनिटांत चांगल्या तिन्ही कुणीतरी उचलल्या असत्या, त्यामुळे मला गट बरोबर वाटतात.

भारतातनं येणाऱ्यांसाठी तर हा बदल सोयीचाच आहे. बुकिंग तिथल्या सकाळी ७ ला उघडतं म्हणजे उन्हाळ्यात आपल्याकडे दुपारचे साडेचार आणि हिवाळ्यात साडेपाच, अगदी चहाची वेळ. मागच्या उन्हाळ्यात डोंबिवलीच्या माझ्या मावसभावाचं बुकिंग आम्ही व्हिडिओ कॉलवर केलं. तो डायनिंग टेबलवर लॅपटॉप घेऊन, वहिनीने वहीत राइडची नावं एक ते तीन नंबर घालून लिहिलेली, पुतण्या खुर्चीवर उभा राहून ओरडतोय आधी रोलरकोस्टर आधी रोलरकोस्टर, आणि सगळं सिलेक्ट झाल्यावर घोडं अडलं ते पेमेंटला. क्रेडिट कार्डवर इंटरनॅशनल व्यवहार बंद होते. बँकेच्या ॲपमधून ते चालू करेपर्यंत सात-आठ मिनिटं गेली आणि सकाळची वेळ जाऊन दुपारची हातात आली. तेव्हा हे आदल्या दिवशी करून ठेवा. आणि इथे आल्यावर पार्कातूनही खरेदी करणार असाल तर ओटीपी ज्या नंबरवर येतो ते भारतातलं सिम फोनमध्ये चालू पाहिजे.

आम्ही डिस्नेच्या हॉटेलात राहत नाही, आमचं काय?

तुम्हाला बुकिंग ३ दिवस आधी मिळतं, हॉटेलवाल्यांना ७ दिवस आधी, तेही त्यांच्या पूर्ण मुक्कामाचं. हे मला पटत नाही. पासाचे पैसे दोघंही तेच भरतात, मग रांगेतली जागा आधी एकालाच का? हॉटेलवाल्यांच्या बाजूने लोक म्हणतात की आम्ही रूमचे जास्त पैसे भरतो, काहीतरी फायदा नको का, आणि त्यांना रोज अर्धा तास आधी पार्कात सोडतात तो फायदा मला योग्य वाटतो कारण तो हॉटेलचाच आहे. पास मात्र वेगळा विकत घेतलेला आहे. आमच्यासारख्या गाडीने येऊन बाहेर स्वयंपाकघर असलेलं घर भाड्याने घेणाऱ्यांना, आणि आई-बाबा बरोबर असले की वरण-भातासाठी तसंच घ्यावं लागतं, चांगल्या वेळा संपल्यावरच नंबर लागतो.

पास न घेणाऱ्यांची लाइन खरंच जास्त लांबते का, की उगाच वाटतं?

हा खरा प्रश्न आहे आणि यावरच सगळ्यात जास्त वाद होतात, म्हणून आकडे धरून सांगते. आकडे समजण्यापुरते, कुठल्याही एका राइडचे नाहीत.

समजा एक राइड तासाला १००० माणसं बसवते. तुमच्यापुढे ३०० जण उभे आहेत. एकच लाइन असती तर १८ मिनिटांत तुमचा नंबर. आता राइडने तासाला ७०० जागा पासवाल्यांना दिल्या तर साध्या लाइनीला उरल्या ३००, म्हणजे तेच ३०० जण पुढे असताना तुम्हाला एक तास. लाइन दिसते तेवढीच, सरकते मात्र तिपटीहून हळू. जिथे दोन लाइनी एकत्र येतात तिथे उभं राहून पाच मिनिटं बघा, पासवाल्या बाजूने घोळकाच्या घोळका आत जातो आणि साध्या बाजूची दोन-तीन कुटुंबं सुटतात.

यावर पासवाल्यांचं उत्तर असतं की आम्ही पास घेतला नसता तर आम्हीही त्याच लाइनीत तुमच्यापुढे असतो, मग फरक काय? हे अर्धं बरोबर आहे. राइडची क्षमता पासाने वाढत नाही आणि कमीही होत नाही, फक्त कुणाचा वेळ जाणार एवढं बदलतं. पण उरलेलं अर्धं असं की पास असलेला माणूस एका वेळी दोन लाइनीत असतो. एकीत त्याची वेळ ठरलेली आहे आणि तोवर तो दुसऱ्या राइडच्या साध्या लाइनीत उभा आहे. एकच लाइन असती तर तो एकाच ठिकाणी असता. त्यामुळे मधल्या, फारशी गर्दी नसणाऱ्या राइडनाही लाइनी लागतात. आणि हे फुकटच्या फास्टपासमध्येसुद्धा होतं, बहुतेक त्यात जास्तच कारण तो सगळेच घ्यायचे. म्हणून जुनं सगळं चांगलं होतं असं मी म्हणणार नाही.

माझी तक्रार एकच आहे. कुठल्या राइडवर आज किती जागा पासवाल्यांना आणि किती साध्या लाइनीला, हे लोकांना दिसत नाही. साध्या लाइनीच्या बाहेर मिनिटांचा बोर्ड असतो तसा हाही असावा. मग माणूस डोळे उघडे ठेवून ठरवेल की पैसे भरायचे की उभं राहायचं. आत्ता तो अंदाजाने भरतो, बऱ्याचदा भीतीने.

पास घेऊन दुसऱ्यांच्या पुढे जाताना कसंतरी होतं, तुम्हालाही होतं का?

हो. आणि बाबांमुळे तर जास्तच झालं. साताऱ्याहून आई-बाबा आले होते, डिसेंबरची गर्दी, आम्ही पास घेतला होता. पार्क कुठलं ते राहू दे. दोन लाइनी मिळतात तिथे आलो तर पलीकडे साखळीच्या आड एक बाई कडेवर झोपलेलं मूल घेऊन उभी, खांद्यावर त्याची लाळ ओघळलेली, मागे एक सात-आठ वर्षांचा मुलगा रेलिंगला लोंबकळत आमच्याकडे बघतोय. स्टाफमधल्या मुलीने आम्हाला हाताने या या केलं. बाबा तिथेच थांबले. मला म्हणाले, "अगं ते आधीपासून उभेत, त्यांना जाऊ दे की आधी." मी म्हटलं, बाबा आपला पास आहे. तर म्हणाले, "पास आहे म्हणून काय झालं, दोन मिनिटांनी काय बिघडतंय." आणि हाताने त्या बाईला पुढे व्हा म्हणून खूण केली. त्या मुलीने हसून त्यांना सोडलं, आम्ही त्यांच्या मागून गेलो. तो मुलगा आत वळणापर्यंत बाबांकडे वळून वळून बघत होता.

मी तरीही पास घेते, कारण बाबांना तासभर उभं राहवत नाही आणि त्यांना सगळं दाखवायची माझी फार इच्छा असते. पण जे लोक म्हणतात की मुलांसमोर पैसे देऊन पुढे जायला नको वाटतं, त्यांना मी कधीच जुनाट म्हणत नाही.

चौघांचा खर्च किती येतो? घ्यावा का?

भाव पार्काप्रमाणे आणि दिवसाप्रमाणे बदलतो, मॅजिक किंगडम सहसा सगळ्यात महाग, ख्रिसमसच्या आठवड्यात ३५ डॉलरच्याही वर गेलेला आहे. ३० धरले तर चौघांचे एका दिवसाचे १२० डॉलर, म्हणजे साधारण दहा-अकरा हजार रुपये, तिकीट वेगळं आणि सिंगल पास त्याहून वेगळा. माझं मत विचाराल तर मॅजिक किंगडमला घ्या कारण तिथे राइड खूप आहेत. ॲनिमल किंगडमला सकाळी लवकर पोचलात तर गरज नाही. बाकी दोन ठिकाणी गर्दी बघून.

आणि तो प्रीमियर पास?

२०२४ च्या ऑक्टोबरमध्ये आला. वेळ बुक करायची भानगड नाही, त्या पार्कातल्या प्रत्येक लाइटनिंग लेनमध्ये एकदा कधीही जा. फ्लोरिडात, म्हणजे ऑरलँडोला, सुरुवातीचा भाव माणशी १२९ ते ४४९ डॉलर, कॅलिफोर्नियाच्या डिस्नेलँडमध्ये ४००. एका दिवसाचे, एका माणसाचे. मी घेतला नाही आणि कुणाला सुचवणारही नाही.

व्हर्च्युअल क्यू म्हणजे हेच का?

नाही, तो फुकट असतो. नवीन राइडला साधी लाइनच ठेवायची नाही, ॲपवर सकाळी ७ ला किंवा दुपारी १ ला नंबर लावायचा आणि आपल्या ग्रुपचा नंबर आला की जायचं, अशी पद्धत. हॉलीवूड स्टुडिओजमधली रेसिस्टन्सवाली राइड डिसेंबर २०१९ ला उघडली तेव्हापासून हे गाजलं. ज्यांना नंबर मिळायचा त्यांना उभं राहावं लागत नसल्याने छान वाटायचं आणि ज्यांना नाही मिळायचा त्यांना राइडच नाही, हजारो मैलांवरून येऊन काही सेकंदांत संपलं. साध्या लाइनीत निदान दोन तास उभं राहायची तयारी असली तर राइड मिळतेच, म्हणून माझी पसंती साध्या लाइनीला. मॅजिक किंगडमच्या ट्रॉन राइडचा हा प्रकार सप्टेंबर २०२४ ला आणि एपकॉटच्या कॉस्मिक रिवाइंडचा फेब्रुवारी २०२५ ला बंद होऊन साधी लाइन आली.

आईचे गुडघे दुखतात, तिला लाइनीतून सूट मिळेल का?

गुडघ्यांसाठी व्हीलचेअर घ्या, पार्कात भाड्याने मिळते, आणि बहुतेक साध्या लाइनीतून ती थेट राइडपर्यंत जाते. लाइन मात्र तीच. लाइनीत उभं न राहता परत यायची वेगळी वेळ मिळण्याची जी सोय आहे तिचे नियम फ्लोरिडात २० मे २०२४ ला आणि कॅलिफोर्नियात १८ जूनला कडक झाले. आता ती मुख्यतः ऑटिझम किंवा तशा प्रकारची, वाढीशी संबंधित अडचण असलेल्यांसाठी आहे, आधी व्हिडिओ कॉलवर बोलावं लागतं.

या बदलावरची मतं वाचताना मला सगळ्यात त्रास होतो. एका बाजूला लोक म्हणतात की खोटं सांगून ही सोय घेणारे वाढले होते, त्याने सगळ्यांच्याच लाइनी लांबल्या, तर आवर घालायलाच हवा होता. दुसऱ्या बाजूला पोटाचे आजार असलेले, ज्यांना अचानक बाथरूमला पळावं लागतं, कॅन्सरची ट्रीटमेंट घेणारे, ज्यांना दिसायला काही झालेलं नाही पण तासभर उभं राहणं अशक्य आहे, ते सांगतात की आम्हाला आता लाइनीतून बाहेर पडून परत या असं सांगतात. गर्दीत मुलांना एकटं सोडून बाहेर कसं पडायचं? खोटं बोलणाऱ्यांची शिक्षा आजारी माणसाला नको. तुमच्या घरात असं कुणी असेल तर लाजू नका, कॉलवर आजाराचं नाव सांगण्यापेक्षा लाइनीत उभं राहिल्यावर नेमकं काय होतं ते सांगा.

दुसऱ्या पार्कांत काय चालतं?

कॅलिफोर्नियाच्या डिस्नेलँडमध्ये पास आधी घेता येतो पण राइडच्या वेळा पार्कात शिरल्यावरच, एका वेळी एक. मला व्यक्तिशः ही पद्धत सगळ्यात आवडते, कारण दूरवरच्या हॉटेलात बसलेला आणि गेटवर आलेला असा भेद राहत नाही. पॅरिसच्या डिस्नेलँडला २०२१ पासून फुकट फास्टपास जाऊन राइडप्रमाणे पैसे. टोकियोच्या डिस्नेत २०२२ ला राइडप्रमाणे पैशाचा पास आला आणि २०२३ ला चाळिसाव्या वर्षानिमित्त काही राइडना फुकटचाही, म्हणजे दोन्ही. ऑरलँडोच्या युनिव्हर्सलमध्ये, म्हणजे डिस्नेच्या नसलेल्या दुसऱ्या कंपनीच्या पार्कांत, एक्सप्रेस पास पैशाचा असतो. पोर्टोफिनो बे, हार्ड रॉक आणि रॉयल पॅसिफिक या हॉटेलांत राहिलात तर जुन्या दोन पार्कांसाठी तो हॉटेलबरोबरच मिळतो, २०२५ ला उघडलेल्या एपिक युनिव्हर्सला मात्र चालत नाही. खोपोलीच्या इमॅजिकालाही एक्सप्रेस तिकीट असतंच. आणि लालबागच्या राजाला नवसाची लाइन वेगळी आणि मुखदर्शनाची वेगळी असते त्यामुळे दोन लाइनी ही आपल्या लोकांना नवीन गोष्ट नाही, पण तिथे जास्त वेळ उभं राहणाऱ्याला जास्त जवळून दर्शन मिळतं.

मुलगा लहान आहे, त्याचाही पास घ्यायचा का?

३ वर्षांखाली तिकीटही लागत नाही आणि पासही नाही. त्याच्या वरचा असेल तर आधी भिंतीला टेकवून उंची मोजा, बूट घालून. ट्रॉनला १२२ सेंटिमीटर लागतात, कॉस्मिक रिवाइंडला १०७, बुटक्यांच्या माइन ट्रेनला ९७. एका सेंटिमीटरसाठीही सोडत नाहीत, आणि पैसे भरून बुक केलेल्या राइडच्या दारातून रडत परत आणलेलं पोर मग तासभर कशानेच गप्प होत नाही. उंची कमी पडत असेल तर रायडर स्विच मागा, फुकट आहे: एकाने मुलाला घेऊन बाहेर थांबायचं, दुसरा जाऊन आला की थांबलेल्याला पुन्हा लाइन न लावता सोडतात.